२०० लिटरचे सोलर, बोअरचे जड पाणी आणि लाइनीत अडलेली हवा

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आमचे गाव आहे. तिथल्या घराच्या स्लॅबवर काचेच्या नळ्यांचे, २०० लिटर क्षमतेचे सोलर वॉटर हीटर बसवून आता काही हिवाळे उलटले आहेत. हे परीक्षण त्या यंत्राचे आहे, ज्या दुकानाने ते बसवून दिले त्याच्या कामाचे आहे आणि पुढे ज्या फिटरने वार्षिक देखभाल हाती घेतली त्याच्या सेवेचेही आहे. या तिन्ही गोष्टी वेगळ्या काढून नुसत्या यंत्राला गुण देणे मला शक्य झाले नाही. मत आधीच सांगून टाकतो. टाकी आणि नळ्या चांगल्या आहेत, पाइपलाइन वाईट टाकली होती, आणि न्हाणीत भरवशाचे गरम पाणी येऊ लागले ते पाइपलाइन बदलल्यानंतरच. कंपनीचे व दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण तालुक्याच्या बाजारात मिळणारी बहुतेक सोलर एकाच धाटणीची असतात आणि पुढे जो दोष सांगणार आहे तो मी नात्यातल्या व शेजारच्या अनेक घरांच्या स्लॅबवर पाहिला आहे.

विदर्भात पाणी तापवायचे यंत्र कशाला, असे पुण्या-मुंबईकडचे पाहुणे हमखास विचारतात. त्यांना इथला मे महिना ठाऊक असतो, पौष ठाऊक नसतो. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, आणि उघड्या शिवारातल्या गावांत पहाटेचा गारठा शहरापेक्षा कमी नसतो. स्लॅबवरच्या प्लास्टिकच्या टाकीतले पाणी अशा सकाळी अंगावर घेण्याजोगे राहत नाही. आमच्याकडे पूर्वी ते चुलीवर तापत असे. कपाशी उपटल्यावरच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या यांचा ढीग मागच्या अंगणात रचलेला असे. हे जळण फुकटचे असते असे पुरुष मंडळी म्हणतात; ते शेतातून आणणे, रचणे, अवकाळी पावसात झाकणे आणि पहाटे उठून धुरात बसणे हे ज्यांच्या वाट्याला येते त्या तसे म्हणत नाहीत. विजेचा गिझर हा दुसरा मार्ग होता. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सव्वानऊ युनिटांच्या आसपास वीज लागते आणि दोन किलोवॉटच्या गिझरला त्यासाठी साडेचार तासांहून अधिक वेळ लागतो. सकाळच्या वेळी लाइन कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात एवढ्या मोठ्या कुटुंबाचा कारभार गिझरवर चालवणे आम्हाला व्यवहार्य वाटले नाही.

यंत्राची रचना साधी आहे. प्रत्येक नळीला काचेच्या दोन भिंती असून त्यांच्या मधली हवा काढून टाकलेली असते, म्हणजे थर्मासची बाटली उन्हात आडवी ठेवावी तसा हा प्रकार आहे. आतल्या भिंतीवरचा काळसर लेप ऊन शोषतो आणि पोकळीमुळे ती उष्णता बाहेर निसटत नाही. आमच्या संचात ५८ मि.मी. व्यासाच्या आणि १८०० मि.मी. लांबीच्या २० नळ्या आहेत. त्यांची वरची तोंडे थेट टाकीत शिरलेली असतात. नळीतले तापलेले पाणी हलके होऊन वर टाकीत जाते, टाकीतले थंड व जड पाणी खाली उतरते, आणि हे चक्र दिवसभर कोणत्याही पंपाशिवाय चालू राहते. टाकीच्या भोवती पफचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमचा, जाड थर असल्याने संध्याकाळी तापलेले पाणी सकाळपर्यंत कढत राहते. निरभ्र डिसेंबरात संध्याकाळी भरपूर वापर झाल्यावरही पहाटे पहिल्या दोघातिघांना थंड पाणी मिसळूनच आंघोळ करावी लागते, एवढे पाणी गरम असते. या बाबतीत माझी तक्रार काहीही नाही.

खरेदी करताना मात्र क्षमतेचा आकडा नीट विचारून घ्यावा. या आकाराच्या एका नळीत सुमारे पावणेतीन लिटर पाणी मावते, म्हणजे २० नळ्यांत ५५ लिटरांच्या आसपास पाणी कायम भरलेले असते. नळ्या टाकीच्या खाली उतरत्या असल्यामुळे ते पाणी नळाला कधीच येत नाही. म्हणून दुकानदार सांगतो ते २०० लिटर एकट्या टाकीचे आहेत की नळ्या धरून, हा प्रश्न सरळ विचारावा आणि उत्तर बिलावर लिहून मागावे. काचेच्या नळ्यांच्या प्रणालीसाठी आयएस १६५४४ हे भारतीय मानक आहे. संच त्या मानकाचा आहे का, हेही त्याच वेळी विचारता येते. सपाट पेटीतल्या तांब्याच्या नळ्यांचे सोलरही मिळते आणि ते दणकट असते, पण त्या नळ्या बारीक असतात व आमच्यासारख्या जड पाण्यात आतून बुजतात. काचेची नळी निदान उपसून धुता येते. केवळ या कारणासाठी मी आमच्या भागात काचेच्या नळ्यांचेच सोलर घ्या असे सांगेन.

आता पाइपलाइनकडे वळतो, कारण निम्म्याहून अधिक मनस्ताप तिथून आला. दुकानाच्या मुलांनी यंत्र एका दिवसात उभे केले, दक्षिणेकडे तोंड बरोबर केले, स्टँड खिळवून पक्के केले आणि गरम पाण्याची लाइन टाकीपासून खाली स्लॅबवर आणून, स्लॅबवरून फिरवून, कठड्यावर चढवून पलीकडे भिंतीवरून खाली सोडली. पाहायला काम नेटके होते. पहिले काही आठवडे पाणीही ठीक आले. पुढे मागच्या न्हाणीतला गरम पाण्याचा नळ आधी थुंकल्यासारखा पाणी टाकू लागला, मग धार करंगळीएवढी झाली आणि एके दिवशी नुसती फुसफुस होऊन थांबली. स्वयंपाकघरातल्या नळाला त्याच वेळी बऱ्यापैकी पाणी येत होते, आणि टाकीही भरलेली होती. दुकानात कळवले तेव्हा प्रेशर पंप बसवा, असा सल्ला मिळाला व पंपाची किंमतही लगेच सांगण्यात आली.

पंप घेण्याआधी आम्ही शेजारच्या गावच्या एका फिटरला बोलावले. त्याने टाकीला हातही न लावता लाइनीवरून नजर फिरवली आणि कठड्याकडे बोट दाखवून म्हटले, “गुरुजी, लाइन वर उचलून मंग खाली आनली, तं हवा जाईन कुठं?” एवढ्या वाक्यात सगळा दोष आला. पाइप खाली उतरून पुन्हा वर चढतो आणि मग खाली जातो, तेव्हा त्या चढाच्या माथ्यावर हवा साचते. पाण्यापेक्षा हलकी असल्यामुळे ती माथा सोडत नाही. टाकी माथ्यापेक्षा थोडीच उंच असेल तर तिच्या पाण्याचा दाब त्या हवेला पुढे ढकलायला पुरत नाही आणि टाकी भरलेली असूनही नळ कोरडा राहतो. स्वयंपाकघराचा फाटा माथ्याच्या अलीकडून निघाला असल्यामुळे तिथे अडचण नव्हती.

ही हवा येते कुठून, हे समजून घेण्यासारखे आहे. थंड पाण्यात हवा विरघळलेली असते आणि पाणी तापले की तिला पाण्यात राहता येत नाही. पातेल्यात पाणी उकळण्याच्या बऱ्याच आधी कडेला दिसणारे बारीक बुडबुडे हीच ती हवा. सोलरमध्ये रोज नवे पाणी येते आणि रोज तापते, त्यामुळे रोज थोडी हवा सुटतेच. त्यातली बरीचशी टाकीच्या वरच्या व्हेंट पाइपमधून, म्हणजे हवा बाहेर सोडणाऱ्या उघड्या पाइपमधून, निघून जाते, पण गरम पाण्याबरोबर लाइनीत शिरलेली हवा पाइप जिथे कुबड काढतो तिथे जमते. याहून मोठा लोट येतो तो सोलरला पाणी पुरवणारी थंड पाण्याची टाकी रिकामी झाल्यावर. गावातली वीज गेली, बोअरची मोटर सुरू करता आली नाही, वरची टाकी संपली, तरी खाली नळ उघडेच आहेत, असे झाले की पाइपातले पाणी निघून जाते व तिथे हवा भरते. मग पाणी परत आल्यावर ती हवा दोन्ही बाजूंच्या पाण्यात कोंडली जाते.

फिटरने केलेला उपाय खर्चाचा नव्हता. कठड्यावरून चढणारा पाइप काढून त्याने कठड्याला स्लॅबच्या पातळीवर भोक पाडले, त्यातून लाइन पलीकडे नेली आणि टाकीपासून भिंतीपर्यंत सगळीकडे किंचित उतार राहील अशा विटा पाइपाखाली लावल्या. माडीवरच्या न्हाणीकडे जाणाऱ्या फाट्यावर खिडकीच्या वरून वळण घेणे भाग होते. तिथे वळणाच्या माथ्यावर टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून त्याने हवा सोडणारा छोटा वॉल बसवला. जिथे कुबड टाळता येत नाही तिथे हवेला वरून वाट द्यायची, असा हा साधा नियम आहे. वॉल बसवणे शक्य नसेल तर त्याच टीमधून उभा पाइप काढून त्याचे तोंड थंड पाण्याच्या टाकीतल्या पातळीपेक्षा उंच नेले तरी चालते. हे काम झाल्यापासून पंपाची गरज पुन्हा कोणाला आठवलेली नाही.

तात्पुरती हवा काढायची एक युक्तीही त्याने घरातल्या मुलांना शिकवली. ज्या न्हाणीत थंड व गरम पाण्याचा एकत्र मिक्सर आहे, तिथे मिक्सरचे तोंड जाड कापडाने व हाताने घट्ट दाबून दोन्ही बाजू उघडायच्या. अडलेल्या हवेमुळे गरम लाइनीतला दाब कमी झालेला असतो, म्हणून थंड पाणी तिच्यात उलटे घुसते आणि बुडबुड्याला मागे टाकीकडे ढकलते. तिथून तो व्हेंटमधून निघून जातो. गरम लाइनीत उलट पाणी रोखणारा वॉल असेल तर ही युक्ती लागू पडत नाही. हे काम दुपारी करू नये. लाइन मोकळी होताच कढत पाण्याची चिळकांडी हातावर येऊ शकते. सकाळी लवकर, लाइनीतले पाणी निवलेले असताना करावे.

थंड देशांत घरे तापवण्यासाठी प्रत्येक खोलीत जे लोखंडी रेडिएटर असतात, त्यांनाही याच हवेचा त्रास असतो. रेडिएटर खाली गरम आणि वर थंड लागू लागला की वरच्या भागात हवा साचली असे तिथले लोक ओळखतात. मग तापवणी बंद करून यंत्रणा निवू देतात, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातली बारीक झडप चौकोनी चावीने थोडी सैल करतात, हवा फुसफुसत बाहेर पडून पाणी दिसू लागले की ती बंद करतात, आणि शेवटी बॉयलरवरचा दाब पाहतात. थंड यंत्रणेत तो साधारण १ ते १.५ बार असावा लागतो, कमी झाला असेल तर पाणी भरून घेतात. आमच्या माडीवरच्या वॉलचे काम तत्त्वतः तेच आहे. फरक एवढाच, पण मोठा, की त्यांच्या पाइपांत तेच ते पाणी फिरत राहते, तर आपल्या सोलरमध्ये रोज नवे पाणी येते. आणि नव्या पाण्याबरोबर नुसती हवा येत नाही, चुनाही येतो.

चुन्याकडे वळण्याआधी व्हेंट पाइपबद्दल सांगणे आवश्यक आहे, कारण दुकानाच्या कामातला सर्वांत धोकादायक भाग हा होता. टाकीच्या माथ्यावरचा हा उभा पाइप थंड पाण्याच्या टाकीतल्या वरच्या पातळीपेक्षा उंच असायला हवा, नाहीतर टाकी भरली की त्यातून पाणी वाहत राहते. आमच्याकडे तो अपुरा होता, पाणी गळत होते, आणि दुकानाच्या मुलांनी त्यावर उपाय म्हणून पाइपाच्या तोंडाला घट्ट टोपी बसवून दिली. गळती थांबली खरी, पण टाकीचा श्वासही थांबला. व्हेंट बंद असलेल्या टाकीत उन्हाळ्यात वाफ कोंडते. उलट थंड पाणी बंद असताना खालून गरम पाणी काढले तर आत पोकळी होऊन टाकीचा पत्रा आत ओढला जातो. दाब न सोसणाऱ्या या टाक्यांसाठी दोन्ही गोष्टी घातक आहेत. फिटरने टोपी काढून पाइप उंच केला आणि त्याचे तोंड खाली वळवले, म्हणजे कचरा व पाखरे आत जाणार नाहीत. ज्यांच्या घरी सोलर आहे त्यांनी हे परीक्षण इथेच थांबवून आधी स्लॅबवर जाऊन व्हेंटचे तोंड उघडे आहे का ते पाहावे.

पाइपाच्या जातीबद्दल थोडक्यात. गरम पाण्याच्या लाइनीला सीपीव्हीसी किंवा तत्सम उष्णता सोसणारा पाइपच हवा. थंड पाण्याचा पांढरा यूपीव्हीसी ६० अंशांच्या पुढे मऊ पडून लोंबतो, आणि लोंबलेला पाइप म्हणजे हवेसाठी आणखी एक कुबड. पाइपावर फोमचे आवरण असावे. पाऊण इंची पाइप १५ मीटर लांब असेल तर त्यात सुमारे चार लिटर पाणी असते आणि सकाळी नळ उघडल्यावर आधी तेवढे थंड पाणी येते. ते बादलीत धरून वापरावे, सांडू नये.

आता बोअरचे पाणी. आमच्या भागाखाली काळा बेसाल्ट खडक आहे आणि त्यातून येणारे पाणी बहुधा जड असते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे घरोघरी माहीत असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालण्याजोगा मानला आहे. अशा पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटमध्ये बदलते, म्हणजेच पांढरा थर बनतो. पाणी जितके अधिक तापेल तितका थर अधिक. सोलरच्या नळीत तो भिंतीला चिकटतो, त्याच्या खपल्या सुटून तळाशी साचतात आणि हळूहळू नळीचा खालचा भाग बुजत जातो. घरातल्यांना फक्त एवढेच जाणवते की यंदा पाणी पूर्वीसारखे कढत येत नाही.

फिटरची साफसफाई हा या सेवेचा मला सर्वांत आवडलेला भाग आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. आदल्या संध्याकाळी नळ्यांवर ताडपत्री टाकून ठेवायला तो सांगतो, म्हणजे सकाळी काच तापलेली नसते. उजाडताच थंड पाण्याचा वॉल बंद करून टाकी रिकामी करतो. मग एकेक नळी साबणाचे पाणी लावून, फिरवत फिरवत वर सरकवून तळाच्या वाटीतून सोडवतो आणि खाली ओढून काढतो. जोर लावत नाही. निंबूसत, म्हणजे सायट्रिक ॲसिड, कोमट पाण्यात विरघळवून नळीत भरतो आणि नळ्या सावलीत भिंतीला टेकवून उभ्या ठेवतो. थर फेसाळत सुटतो. नंतर लांब दांड्याच्या मऊ ब्रशने आतून घासून स्वच्छ पाण्याने धुतो. टाकीच्या तोंडाशी असलेल्या सिलिकॉनच्या रिंगा तपासून कडक झालेल्या बदलतो, टाकीतला गाळ काढतो, गरम पाणी निघते त्या तोंडाशी साचलेला चुना खरवडतो, आणि टाकीत मॅग्नेशियमची कांडी असेल तर ती किती झिजली ते पाहतो. ही कांडी टाकीच्या पत्र्याऐवजी स्वतः गंजण्यासाठीच बसवलेली असते, म्हणून झिजली की बदलायची असते.

याच कामासाठी काही जण संडास धुण्याचे ॲसिड वापरतात, कारण ते स्वस्त असते आणि थर झटकन निघतो. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असते व स्टेनलेस स्टीलला टाचणीएवढी भोके पाडते. आमच्या गावात एका घरची टाकी अशा सफाईनंतर वर्षभरात गळू लागली. देखभालीसाठी कोणालाही बोलावताना तो कोणते ॲसिड वापरणार हे आधी विचारावे आणि निंबूसत आपणच किराणा दुकानातून आणून द्यावे, हे उत्तम.

पोकळी निघून गेलेली नळी ओळखण्याची खूणही त्याच्याकडूनच समजली. नळीच्या खालच्या टोकाला आतून आरशासारखा चंदेरी पट्टा असतो. तो बेरियमचा थर असतो. काचेच्या भिंतींमध्ये हवा शिरली की तो पांढरा पडतो. अशी नळी उन्हात बाहेरून हाताला गरम लागते, कारण शोषलेली उष्णता ती बाहेर घालवत असते. ती बदलण्यावाचून इलाज नाही, पण एक नळी काही शे रुपयांत मिळते व तालुक्याच्या गावी बहुधा उपलब्ध असते.

माझी मोठी बहीण दर्यापूरकडे असते आणि तिथली कथा निराळी आहे. अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांतला पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा प्रसिद्धच आहे. तिथल्या पाण्यात चुन्यापेक्षा मीठ भारी पडते आणि क्लोराइडमुळे साध्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची टाकी सांध्यांपाशी लवकर झिजते. तिच्याकडच्या टाकीचे वेल्डिंग तसेच गेले. त्या भागात सोलर घ्यायचे असेल तर आतून एनॅमलचा किंवा प्लास्टिकचा थर असलेली टाकी घ्यावी, अथवा ३१६ एल प्रतीचे स्टील मागावे, आणि शक्य असेल तिथे सोलरची टाकी विहिरी-बोअरऐवजी नळयोजनेच्या गोड्या पाण्यावर भरावी. तिथे आमच्यासारखा संच घेण्याची शिफारस मी करणार नाही.

उन्हाळा हा या यंत्राचा खरा कसोटीचा काळ आहे, ज्याचा विचार माहितीपत्रक छापणाऱ्याने केलेला दिसत नाही. मे महिन्यात वापर जवळजवळ नसतो आणि ऊन मात्र कधी कधी ४५ अंशांच्या पुढे जाते, त्यामुळे टाकीतले पाणी दुपारी उकळते, व्हेंटमधून वाफ निघते आणि त्या कढात चुना दुपटीने बसतो. आम्ही होळी झाली की नळ्यांवर हिरवी जाळी दुहेरी करून बांधतो आणि ऐन उन्हाळ्यात ताडपत्री टाकतो. यात एक नियम मोडू नये: टाकी काही कारणाने कोरडी पडली असेल तर भर उन्हात तीत पाणी सोडू नये. कोरडी नळी भयंकर तापलेली असते व थंड पाणी लागताच तडकते. रात्री किंवा सूर्य उगवण्याआधी पाणी भरावे.

वानरे आणि गारा हे आमच्याकडचे दोन पक्के शत्रू आहेत. मार्च २०१४ ची गारपीट विदर्भातला शेतकरी विसरलेला नाही. नळ्यांची काच जाड असते व हरभऱ्याएवढ्या गारांना दाद देत नाही, मोठ्या गारांबद्दल हमी देता येत नाही. वानरांचा कळप कडुलिंबावरून स्लॅबवर उड्या टाकतो तेव्हा स्टँडचा उपयोग बसण्यासाठी करतो. यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी की एक नळी फुटली तरी पूर्ण टाकी त्या भोकातून रिकामी होते, आणि थंड पाण्याचा वॉल कोणी बंद केला नाही तर वरची टाकीही तिच्या मागोमाग जाते. त्या वॉलला लाल रंग लावून तो कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवलेले बरे.

पावसाळ्यात, विशेषतः आषाढ-श्रावणात सलग ढग असले की यंत्र कोमट पाण्यापलीकडे काही देत नाही. टाकीत विजेची कॉइल बसवण्याची सोय आहे. आम्ही ती बसवलेली नाही, कारण त्या दिवसांत पाणी फार थंडही नसते, आणि बाळंतीण किंवा आजारी माणूस घरात असेल तेव्हा चूल आहेच.

राहिला प्रश्न सेवेच्या कराराचा. दुकानाने वार्षिक करार देऊ केला होता. त्यात भेटी होत्या, पण नळ्या उपसून धुणे नव्हते. हमीपत्रावर टाकीला पाच वर्षांची हमी आहे आणि फुटलेली नळी व क्षारांमुळे झालेले नुकसान दोन्ही वगळलेले आहेत, म्हणजे आमच्या गावात जे बिघडण्याची शक्यता आहे तेवढेच नेमके वगळलेले आहे. विक्रेत्याने अनुदानाचाही उल्लेख केला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेचे अनुदान छतावरच्या वीजनिर्मितीच्या पॅनेलला आहे, तीन किलोवॉटला ७८,००० रुपये, आणि पाणी तापवण्याच्या सोलरचा त्याच्याशी संबंध नाही. दोन्हींना लोक सोलरच म्हणतात आणि काही विक्रेते या गोंधळाचा फायदा घेतात.

गुण द्यायचे तर यंत्राला पाचपैकी चार, दुकानाच्या फिटिंगला एक आणि फिटरच्या देखभालीला पूर्ण पाच देईन. पत्र्याचे छप्पर असलेल्यांनी मात्र हे घेण्याच्या भानगडीत पडू नये. भरलेली टाकी, नळ्या व स्टँड मिळून वजन तीनशे किलोच्या घरात जाते आणि ते स्लॅबवर, तेही खाली भिंत किंवा बीम असेल अशा जागीच ठेवायला हवे. ज्यांच्याकडे आधीच बसवलेले आहे त्यांनी फिटरला दसऱ्याच्या आसपास सांगून ठेवावे. थंडी पडल्यावर सगळ्या गावाला एकदम आठवण होते, आणि तोवर कापूस वेचणीची घाई सुरू झाल्याने नळ्या धुवायला त्याच्या हाताखाली माणूस मिळत नाही.